आपापल्या विषयातून चिकित्सक विचार कसा शिकवावा: नव्या प्राध्यापकांसाठी

पदवीच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर ‘विद्यार्थ्यांची चिकित्सक विचार करण्याची क्षमता वाढेल’ अशा अर्थाचं एक वाक्य असतं. त्याखाली युनिटं, तासिका, क्रेडिट, गुणांची विभागणी असं सगळं तपशिलात येतं. ते एक वाक्य वर्गात कसं उतरवायचं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. नुकतेच नेट-सेट होऊन रुजू झालेले असोत की तासिका तत्त्वावर शिकवणारे, नव्या शिक्षकांची अडचण इथेच होते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. शंभर मुलांचा वर्ग, पंधरा आठवड्यांचं सत्र, निम्मी मुलं मराठी माध्यमातून आलेली आणि सिलॅबस पूर्ण करण्याची घाई, हे सगळं धरूनच पुढचं लिहिलं आहे.

माझा आग्रह तीन गोष्टींचा आहे. आपल्याच विषयातले प्रश्न बदला, विचार करण्याच्या पायऱ्या मुलांना नाव घेऊन उघडपणे शिकवा आणि त्यांना गुण द्या. यातलं एकही गाळू नका.

चिकित्सक विचाराचा वेगळा पेपर का पुरत नाही

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेलं एक कोडं वर्गात करून बघा. चार पत्ते टेबलावर आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आहे, दुसऱ्या बाजूला अंक. वर दिसतात: अ, क, ४, ७. नियम असा की, एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा आहे का हे तपासायला कमीत कमी कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक जण ‘अ आणि ४’ म्हणतात. बरोबर उत्तर ‘अ आणि ७’. चारच्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो.

आता तोच प्रश्न एसटीत न्या. विद्यार्थी पासवर प्रवास करणाऱ्याकडे कॉलेजचं ओळखपत्र हवं. चार प्रवासी आहेत: एकाकडे पास, एकाकडे पूर्ण तिकीट, एकाने ओळखपत्र दाखवलंय, एकाकडे ते नाही. कंडक्टरने कोणाकडे चौकशी करावी? पासवाल्याकडे ओळखपत्र मागायचं आणि ओळखपत्र नसलेल्याचं तिकीट बघायचं, हे मुलं पटकन सांगतात. तर्क तोच, पण सवयीच्या जागी जमला आणि अनोळखी जागी अडला. वेसनच्या कोड्याला असं ओळखीचं रूप दिलं की लोकांना ते खूप सोपं जातं, हे पुढच्या प्रयोगांत दिसलं आहे.

यातून शिक्षकाने घ्यायचं ते असं: विचार करण्याचं कौशल्य एका विषयातून दुसऱ्यात आपोआप जात नाही. तर्कशास्त्राचा दोन क्रेडिटचा पेपर पास झालेली मुलगी अर्थशास्त्राच्या आलेखापुढे बसली की ते तर्कशास्त्र आठवेलच असं नाही. म्हणून प्रत्येक विषयात ते पुन्हा शिकवावं लागतं.

याच्या उलट टोकाचाही एक गैरसमज आहे. ‘माझा विषयच असा आहे की मुलं आपोआप विचार करायला लागतात’ असं अनेक अनुभवी सहकारी सांगतील. फिलिप अब्रामी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ११७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नेमकी हीच पद्धत, म्हणजे पायऱ्यांचं नाव न घेता केवळ विषयात बुडवून ठेवणं, सर्वांत कमी परिणामकारक ठरली. पायऱ्या वेगळ्या समजावून सांगायच्या आणि लगेच विषयातही वापरायच्या, अशी मिश्र पद्धत सर्वांत पुढे होती.

पायरी १: एकच युनिट निवडा

सगळा सिलॅबस बदलायला जाऊ नका. या सत्रातलं एक युनिट घ्या. शक्यतो दुसरं किंवा तिसरं, म्हणजे वर्गाची ओळख झालेली असेल आणि परीक्षेची धावपळ सुरू झालेली नसेल. मग अर्धा तास बसून तीन गोष्टी कागदावर लिहा. माझ्या विषयातली जाणकार माणसं पुरावा कशाला म्हणतात? नवखी मुलं इथे कोणती चूक हमखास करतात? आणि या विषयाने स्वतःचं मत कुठे बदललं आहे?

तिसरा प्रश्न फार उपयोगी आहे. पाठ्यपुस्तकात ज्ञान तयार मालासारखं येतं. ते कुणाशी वाद घालून, काय नाकारून इथवर आलं हे कळलं की, प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नसून विषयाचाच भाग आहे, हे मुलांच्या लक्षात येतं.

पायरी २: पाच शब्द ठरवा आणि तेच वापरा

दावा, पुरावा, गृहीतक, दुसरं स्पष्टीकरण, मर्यादा. एवढे पाच पुरतात. पहिल्या आठवड्यात ते फळ्यावर लिहा, वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या आणि सत्रभर त्याच शब्दांत बोला. ‘तुझा दावा कळला, पुरावा सांग.’ ‘हे तू गृहीत धरलंस, की कुठे वाचलंस?’ ‘याचं दुसरं काही स्पष्टीकरण असू शकतं का?’ इंग्रजी माध्यमाचा वर्ग असला तरी हे पाच शब्द मराठीत बोलायला हरकत नाही. मुलं मनात ज्या भाषेत विचार करतात तीच भाषा तोंडी आली की ती मोकळेपणाने बोलतात. लेखी उत्तर मग इंग्रजीत लिहू दे.

ज्यांच्याकडे भारतीय ज्ञानप्रणालीचा पेपर आला आहे त्यांना तर इथे मोठीच संधी आहे. न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, अनुमान पाच अवयवांत मांडतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. तसाच धूर या पर्वतावर आहे. म्हणून तिथे अग्नी आहे. हे पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका. मुलांना विचारा, दुरून दिसतंय ते धुकं असलं तर? म्हणजे हेतूच फसवा निघाला. हेत्वाभासांची, म्हणजे खऱ्या वाटणाऱ्या पण फसव्या कारणांची, चर्चा न्यायदर्शनाच्या पंडितांनी केली ती याच काळजीपोटी. शिवाय आपलं मत मांडण्याआधी प्रतिपक्षाचं म्हणणं पूर्वपक्ष म्हणून मांडायची शिस्त आपल्या शास्त्रग्रंथांत आहे. ती आजच्या वर्गात जशीच्या तशी चालते: समोरच्याचं म्हणणं असं सांग की त्याने ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं म्हणावं; मग खोडून काढ.

पायरी ३: एक आकडा घ्या आणि त्याच्यावर थांबा

एका तासात काय करता येतं हे दाखवायला मी एक उदाहरण सविस्तर देतो. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र यांपैकी कोणत्याही वर्गात ते चालेल.

फळ्यावर फक्त हे लिहा. २०११ ची जनगणना, दर हजार पुरुषांमागे स्त्रिया: महाराष्ट्र ९२९, रत्नागिरी जिल्हा ११२२, मुंबई शहर जिल्हा ८३२. आणि विचारा, असं का?

लगेच हात वर करू देऊ नका. दोन मिनिटं प्रत्येकाने वहीत स्वतःचं उत्तर लिहायचं. मगच बोलायचं. पहिली उत्तरं साधारण अपेक्षित असतात. कोकणात मुलींना मान आहे. तिथे शिक्षण जास्त आहे. पुरुष मुंबईला कामाला जातात. एखादा म्हणेल, बायका जास्त जगतात. सगळी उत्तरं फळ्यावर लिहा. कोणतं बरोबर ते सांगू नका, चेहऱ्यावरही दिसू देऊ नका.

आता मुख्य प्रश्न: ‘हे स्पष्टीकरण खरं असेल, तर आणखी काय दिसायला हवं?’ संपूर्ण लेखातून एकच वाक्य वर्गात न्यायचं असेल तर हे न्या. मुलींना मान हे कारण असेल, तर लहान वयातही मुलींचं प्रमाण जास्त दिसलं पाहिजे. पुरुष स्थलांतर हे कारण असेल, तर तूट कमावत्या वयात दिसली पाहिजे आणि ते पुरुष जिथे गेले तिथे पुरुषांचं प्रमाण जास्त दिसलं पाहिजे. आयुर्मान हे कारण असेल, तर फरक म्हाताऱ्या वयोगटात एकवटलेला दिसेल. प्रत्येक स्पष्टीकरणाची स्वतःची खूण वेगळी आहे, हे मुलांना इथे पहिल्यांदा जाणवतं.

मग शून्य ते सहा वयोगटाचा आकडा द्या. रत्नागिरीत तो हजाराच्या बराच खाली आहे. वर्गातली निम्मी मुलं लगेच म्हणतील, ‘म्हणजे मुलींना मान वगैरे काही नाही.’ इथे घाईने पुढे जाऊ नका. विचारा, हजार ही अपेक्षा कुठून आणली? जन्माच्या वेळी निसर्गतःच मुलगे थोडे जास्त असतात, साधारण शंभर मुलींमागे एकशे पाच. म्हणजे कोणताही भेदभाव नसला तरी हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली अपेक्षित आहेत. आपणच लावलेली कसोटी चुकीच्या गृहीतकावर उभी होती. आता राज्याचा याच वयोगटाचा आकडा सांगा: ८९४. रत्नागिरी त्याच्या वर आहे. म्हणजे कोकणात परिस्थिती राज्यापेक्षा बरी आहे, या म्हणण्यात तथ्य आहे. पण ११२२ चं स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही. ते चाकरमान्यांच्या स्थलांतराकडे बोट दाखवतं, आणि मुंबई शहराचा ८३२ हा आकडा त्याला दुजोरा देतो.

शेवटची दहा मिनिटं मर्यादेसाठी ठेवा. हा आकडा २०११ चा आहे, २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून ‘आज कोकणात असं आहे’ असं म्हणता येणार नाही. मुंबईत रत्नागिरीचेच पुरुष आले असं नाही, देशभरातून आले. आणि ही सगळी चर्चा जिल्ह्याच्या सरासरीवर आहे. एखाद्या घराबद्दल, गावाबद्दल ती काही सांगत नाही. घरचा अभ्यास म्हणून जनगणनेच्या वयोगटवार तक्त्यातून २० ते ४० वयोगटाचे आकडे काढून आणायला सांगा. आपापल्या जिल्ह्याचे आणले तर आणखी चांगलं.

या तासात तुमचा नेहमीचा ‘स्त्री-पुरुष प्रमाणावर परिणाम करणारे घटक’ हा मुद्दा पूर्ण झालेला असतो. वेगळा वेळ लागत नाही. नोट्स सांगून जो मुद्दा संपला असता तोच मुलांनी स्वतः काढलेला असतो.

पायरी ४: शंभराच्या वर्गात मुलांना बोलतं करणं

पहिली सवय थांबण्याची. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याकडे वळतात. हा वेळ तीन सेकंदांवर नेला तरी उत्तरं लांबतात, कारणं देऊन येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलतात. तीन सेकंद शांतता सहन करणं नव्या शिक्षकाला जड जातं. मनातल्या मनात मोजा.

दुसरी गोष्ट एरिक माझूर यांच्याकडून घेण्यासारखी आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवताना त्यांनी १९९१ पासून ही पद्धत वापरली. चार पर्यायांचा, संकल्पनेवरचा एक प्रश्न द्यायचा. प्रत्येकाने एकट्याने ठरवायचं. मग शेजाऱ्याला दोन मिनिटं आपलं उत्तर पटवून द्यायचं आणि पुन्हा मत द्यायचं. आपल्याकडे क्लिकर, म्हणजे उत्तर नोंदवायची बटणं, नसली तरी चालतं. छातीशी बोटं धरून एक ते चार दाखवायला सांगा, म्हणजे दुसऱ्याचं बघून बदलता येत नाही. पहिल्या फेरीत साधारण तीस ते सत्तर टक्के मुलांचं उत्तर बरोबर असेल तर चर्चेचा सर्वाधिक उपयोग होतो. त्याहून कमी असेल तर संकल्पनाच पुन्हा शिकवावी लागेल, जास्त असेल तर पुढे जा.

तिसरी अडचण आपल्याकडची आहे. ‘सर, मला हे पटलं नाही’ असं म्हणणं म्हणजे मोठ्यांना उलट उत्तर देणं, अशा संस्कारात बरीच मुलं वाढलेली असतात. त्यांना केवळ ‘प्रश्न विचारा’ म्हणून भागत नाही. प्रश्न विचारायची भाषा द्यावी लागते. दोन-तीन वाक्यं फळ्यावर लिहून द्या. ‘मॅडम, हे कशावरून म्हणायचं?’ ‘मला वेगळं वाटतं, कारण…’ ‘आधीच्या मुद्द्याशी हे कसं जुळतं?’ आणि पहिल्यांदा कुणी असं विचारलं की मनापासून आभार माना. उत्तर माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही, उद्यापर्यंत बघून सांगतो’ म्हणा आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगा. याचा वर्गावर फार खोल परिणाम होतो.

पायरी ५: प्रॅक्टिकलमध्ये खोटं रीडिंग बंद करा

विज्ञान शाखेत सर्वांत मोठी संधी प्रयोगशाळेत आहे आणि ती सर्वांत जास्त वाया जाते. उत्तर आधी माहीत, त्यावरून रीडिंग ‘बसवायचं’, मागच्या बॅचचं जर्नल बघून उतरवायचं आणि सही घ्यायची. याने मुलगा काय शिकतो? निष्कर्ष आधी आणि पुरावा नंतर, हेच. चिकित्सक विचाराच्या बरोबर उलट.

टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणाची संहती (तीव्रता) दुसऱ्या द्रावणाने मोजण्याचा प्रयोग, घ्या. प्रत्येक बॅचला वेगळ्या संहतीचं द्रावण द्या आणि ती संहती सांगू नका. रीडिंग थेट पेनाने वहीत. खाडाखोड चालेल, पण पुसायचं नाही. तीन रीडिंगपैकी कोणतं कधी टाकून द्यायचं हा नियम प्रयोगाआधी ठरवा. नंतर ठरवला तर नकोसं वाटलेलं रीडिंगच टाकलं जातं. शेवटी सगळ्या जोड्यांची रीडिंग फळ्यावर लिहा आणि फरक का पडला यावर बोला. ब्युरेटचं नोझल भरलेलं नव्हतं का? एक जोडी फिकट गुलाबी रंगावर थांबली आणि दुसरी गडद झाल्यावर थांबली का? सोडियम हायड्रॉक्साइड वजन करून घेऊन त्यालाच प्रमाण द्रावण का मानत नाही? ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतं, हे वाक्य पुस्तकात असतंच. पण आपल्याच रीडिंगमधला फरक समजून घेताना भेटलं की ते कायमचं लक्षात राहतं. जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाखाली चार ओळी वाढवा: ‘या निष्कर्षावर मी कितपत विश्वास ठेवतो आणि का.’ गुण बिनचूक उत्तरापेक्षा या ओळींना द्या.

वनस्पतिशास्त्रात मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम शिकवताना त्याचे आकडे दाखवा: वाटाण्याचे गोल दाणे ५४७४, सुरकुतलेले १८५०. नियमानुसार अपेक्षित तीनास एक या प्रमाणाच्या किती जवळ! मग सांगा की संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये नेमकी हीच शंका काढली की मेंडेलचे एकूण आकडे अपेक्षेपेक्षा फार चांगले जुळतात. नियम तर पुढे खरा ठरला. मग आकडे इतके नीट कसे? त्यावर पुढे बराच वाद झाला. मुलांना हा वाद करू द्या.

बाकीच्या विषयांसाठी थोडक्यात

इतिहासात रखमाबाईंचा खटला घ्या. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद असा हुकूम दिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. एकच प्रसंग, दोन न्यायाधीश, दोन उलटे निकाल. दोघांनी काय गृहीत धरलं होतं हे मुलांना शोधू द्या. त्या काळच्या वृत्तपत्रांनी काय भूमिका घेतल्या आणि का, हे पुढे येईल. आपण कुणाच्या बाजूचे आहोत हे सांगण्याची घाई मुलांना होईल. आधी दुसऱ्या बाजूचा पूर्वपक्ष लिहायला लावा. यासाठी दोन तास द्यावे लागतात, आणि ते द्यावेत.

वाणिज्यमध्ये पाच मिनिटांचं एक गणित: एका गुंतवणुकीत पहिल्या वर्षी ५० टक्के वाढ, दुसऱ्या वर्षी ४० टक्के घट. सरासरी परतावा ५ टक्के, असं जाहिरातीत लिहिता येईल. शंभर रुपयांचे मात्र दीडशे होऊन नव्वद झाले. मुलांना घरी आलेली एखादी खरी जाहिरात आणायला सांगा.

संख्याशास्त्रात १९७३ च्या अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या प्रवेशांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. एकूण बघितलं तर ४४ टक्के पुरुषांना प्रवेश, स्त्रियांना ३५ टक्के. विभागवार बघितलं तर तो भेदभाव जवळजवळ नाहीसा होतो, कारण स्त्रियांचे अर्ज जिथे प्रवेशच कठीण अशा विभागांत जास्त होते. यावर एकच पुरवणी प्रश्न: मग त्या विभागांत जागा इतक्या कमी का होत्या?

मराठी-इंग्रजी साहित्यात नियम सोपा ठेवा. कवितेबद्दल केलेल्या प्रत्येक विधानाखाली ओळ क्रमांक लिहायचा. ‘कवीला इथे दुःख झाले आहे’ कशावरून? ओळ दाखव. दोन वेगळे अर्थ एकाच ओळीवर उभे राहतात तेव्हा खरी गंमत येते. संगणकशास्त्रात प्रोग्राम चालवण्याआधी आउटपुट काय येईल ते कागदावर लिहून घ्या.

पायरी ६: प्रश्नपत्रिका बदला

‘सर, हे परीक्षेला येणार का?’ हा प्रश्न मुलांचा दोष म्हणून बघू नका. त्यांनी व्यवस्था बरोबर ओळखली आहे. चिकित्सक विचाराला गुण नसतील तर तो महत्त्वाचा नाही, असंच तुम्ही कृतीने सांगितलेलं असतं. विद्यापीठाची लेखी परीक्षा तुमच्या हातात नसेल, पण अंतर्गत मूल्यमापन असतं. तिथून सुरुवात करा.

ब्लूमच्या वर्गीकरणातली (शिकण्याच्या पातळ्यांच्या यादीतली) क्रियापदं लावून प्रश्न विचारप्रवर्तक होत नाही. ‘विश्लेषण करा’ असं लिहिलं आणि ते विश्लेषण गाइडात तयार असेल, तर तो पाठांतराचाच प्रश्न आहे. कसोटी एकच: या प्रश्नातली माहिती मुलाने आधी पाहिलेली आहे का? न पाहिलेली हवी, पद्धत मात्र शिकवलेली हवी. ‘स्थलांतराची कारणे लिहा’ ऐवजी एक नवा तक्ता द्या आणि विचारा: ‘यावरून काढलेल्या पुढील निष्कर्षासाठी दुसरं एक स्पष्टीकरण सुचवा, आणि दोहोंपैकी कोणतं बरोबर हे ठरवायला कोणती माहिती लागेल ते लिहा.’ रसायनशास्त्रात कुणा काल्पनिक विद्यार्थ्याची तीन रीडिंग द्या आणि त्याने काढलेला निष्कर्ष तपासायला सांगा. इतिहासात एकाच घटनेचे दोन उतारे द्या.

दहा गुणांची वाटणी अशी ठेवता येईल: दावा स्पष्ट मांडला (२), पुरावा नेमका आणि दाव्याला लागू (३), दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडली (३), मर्यादा सांगितली (२). ही वाटणी परीक्षेच्या आधी मुलांना द्या आणि जुन्या दोन उत्तरांना, एक चांगलं आणि एक कच्चं, वर्गातच त्यांच्याकडून गुण देऊन घ्या. निकष समजावण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही. तपासणीचा बोजा वाढेल ही भीती खरी आहे, म्हणून उत्तराला दीडशे शब्दांची मर्यादा घाला. तीन मिनिटांत एक उत्तर तपासलं तर शंभर उत्तरांना पाच तास लागतात. सत्रात असं दोनदा करणं शक्य आहे.

चॅटबॉटकडून उत्तर आणतील, म्हणून घरचा अभ्यास बंद करू नका. उलट चॅटबॉटचं उत्तरच वाटा. त्यातल्या प्रत्येक विधानापुढे मुलांनी खूण करायची: तपासलं आणि खरं, तपासलं आणि चूक, तपासता आलं नाही. अस्तित्वातच नसलेले संदर्भ ही यंत्रं किती आत्मविश्वासाने देतात हे मुलांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पुढचं सांगावं लागत नाही. एवढं पाळा, की आधी स्वतःचं उत्तर हाताने लिहायचं, मग यंत्राचं बघायचं.

नाजूक विषय आले तर

जात, धर्म, आरक्षण, गावचं राजकारण हे विषय येणारच, आणि ते टाळू नयेत. पण तिथून सुरुवात करू नका. वर्गाला पाच शब्दांची सवय होईपर्यंत थोडे लांबचे विषय घ्या. म्हणूनच रखमाबाईंचा खटला चांगला. चर्चेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या समाजाचा प्रतिनिधी बनवू नका. ‘तू सांग, तुमच्यात कसं असतं?’ हे वाक्य कधीही उच्चारू नका. तुमचं स्वतःचं मत सगळ्यात शेवटी, विचारलं तर, कारणांसह सांगा. कुणी आक्षेप घेतलाच तर राज्यघटनेचं कलम ५१अ (ह) दाखवा. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, जिज्ञासा आणि सुधारणावाद यांचा विकास करणं हे त्यात नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ते आलं.

पायरी ७: दोन सहकारी जोडा

विभागप्रमुखांकडे मोठा प्रस्ताव घेऊन जाऊ नका. स्टाफरूममधले वेगळ्या विषयांचे दोघे गाठा. त्यांना तेच पाच शब्द आणि तीच दहा गुणांची वाटणी वापरायला सांगा. सकाळी अर्थशास्त्राच्या तासाला आणि दुपारी पर्यावरणाच्या तासाला ‘गृहीतक कोणतं?’ हाच प्रश्न आला, की ही एका सरांची लहर नाही हे मुलांना कळतं आणि कौशल्य विषयाची वेस ओलांडायला लागतं. जमलं तर पुढच्या सत्रात एक विषय तिघांनी वाटून घ्या. आपल्या भागातलं पाणी हा चांगला विषय आहे: रसायनशास्त्राने नमुने तपासावेत, अर्थशास्त्राने पीकपद्धतीचा हिशेब मांडावा, भूगोलाने पर्जन्यमानाचे आकडे आणावेत. फील्ड प्रोजेक्टच्या क्रेडिटमध्ये हे बसवता येतं.

परिणाम झाला का हे बघायला वेगळी चाचणी विकत घ्यायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात एक अनोळखी बातमी किंवा तक्ता देऊन अर्धं पान लिहून घ्या आणि कपाटात ठेवा. पंधराव्या आठवड्यात तशाच प्रकारचा दुसरा द्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून फक्त दोन गोष्टी मोजा: किती मुलांनी दुसरं स्पष्टीकरण सुचवलं आणि किती जणांनी मर्यादा सांगितली. नंतर दोन्ही कागद मुलांना परत द्या आणि पुढच्या सत्रासाठी कोणतं युनिट निवडायचं ते त्यांनाच विचारा.